कामं सगळी होतायत, मग हे काय होतंय?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रं एकत्र घेतेय, कारण तिघं वेगळे असले तरी त्रास एकाच जातीचा आहे, बाहेरून सगळं नीट आणि आतून माणूस रोज थोडा थोडा खचतोय. तिन्ही पत्रं आपल्या खान्देशातली. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

प्रश्न : ताई नमस्कार, मी चाळीसगावकडची, जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका आहे, वय ३९, दोन मुलं, मोठी दहावीला. मिस्टर नोकरीमुळे आठवडाभर नाशिकला असतात, सासू-सासरे माझ्याजवळ. तुम्हाला लिहू की नको असं खूप दिवस चाललं होतं, कारण लिहायला बसलं की वाटतं मला झालंय तरी काय, सगळं तर व्यवस्थित आहे. शाळेत सरकारला भरायची यूडायसची माहिती असो, मुलांचे अपार आयडी म्हणजे ओळख क्रमांक असो, बीएलओचं म्हणजे मतदार यादीचं काम असो, सर म्हणतात मॅडमकडे द्या, त्यांचं कधी पेंडिंग राहत नाही. घरी पण तेच, नणंदेचं बाळंतपण मी केलं, सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मीच करून आणलं, भाऊबंदकीत कुणाचं लग्न निघालं की याद्या माझ्याकडे. सगळे म्हणतात अशी सून मिळायला नशीब लागतं, आणि ते ऐकलं की मला आनंद होत नाही, धस्स होतं.

रात्री साडेतीनला जाग येते ती येतेच. मग डोक्यात सुरू, उद्या कुठली माहिती पाठवायचीय, पोरीची क्लासची फी राहिली का, सासऱ्यांच्या गोळ्या संपल्या का. शाळेच्या ग्रुपवर रात्री अकराला मेसेज आला तरी मी लगेच ओके सर टाकते, नाही टाकलं तर झोप लागत नाही. सकाळी जबडा दुखतो, मान आणि खांदे आखडलेले असतात. रविवारी दुपारनंतर पोटात गोळा येतो. शाळेच्या गेटजवळ गाडी लावली की जरा वेळ तशीच बसून राहते, मग चेहरा हसरा करून आत जाते. हार्टचं काही असेल म्हणून ईसीजी काढला, नॉर्मल आला, डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका.

यंदा कानबाईला, आपल्या श्रावणातल्या देवीच्या सणाला, तर कहरच झाला. आमच्याकडे सगळे भाऊबंद येतात, आणि खापरावरचे मांडे, म्हणजे मातीच्या खापरावर भाजलेल्या मोठ्या पातळ पुरणपोळ्या, सगळ्यांना माझ्याच हातचे लागतात. हातावर मांडा वाढवता वाढवता कोपरापर्यंत आला आणि एकदम हात थरथरायला लागले, मांडा फाटला, दुसरा घेतला तो पण फाटला, छातीत धडधड, घाम, श्वास पुरेना, वाटलं आता चुलीसमोरच पडते. सासूबाईंनी विचारलं, तुले काय व्हयनं वं? मी म्हटलं धूर गेला डोळ्यात. तोंड धुतलं, परत बसले आणि उरलेले सगळे मांडे केले. लोक पोटभर जेवले, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी मागून मागून खाल्ली, कौतुक झालं. मी एक घास खाल्ला नाही आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मी थांबले तर हे सगळं कोण करणार ही एक भीती, आणि कुणाला सांगितलं तर म्हणतील तुला काय कमी आहे ही दुसरी. हा आजार आहे का, की मी उगाच नाटक करतेय?

उत्तर : नाही ताई, नाटक नाही. साडेतीनची जाग, आखडलेला जबडा, रविवारचा पोटातला गोळा, हे कुणाला ठरवून करता येत नाही. हे तुमचं शरीर सांगतंय, आणि तुम्ही ते धुरावर ढकलून पुढच्या मांड्याला हात घातला. तुमचं पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त लागलं ते हेच, की तेवढं सगळं होऊनसुद्धा तुम्ही उरलेले मांडे पूर्ण केले, आणि मला वाटतं तुमचा त्रास नेमका तिथेच आहे, कारण काम पूर्ण झालं की तुम्हाला आणि घरच्यांना दोघांनाही वाटतं की म्हणजे काही झालंच नव्हतं.

आधी खापरासमोर काय झालं ते सांगते. तुम्ही लिहिलंय त्यावरून तो पॅनिक अटॅक वाटतो. धोका आहे असं समजून शरीर अ‍ॅड्रेनलिन सोडतं, त्याने हृदय जोरात चालतं, श्वास उथळ होतो, हात थरथरतात, घाम सुटतो. साधारण दहा मिनिटांत तो सगळ्यात वर जातो आणि मग आपोआप उतरायला लागतो, तुम्ही तोंड धुवून आलात तेवढ्यात तो उतरत होता. अटॅकमध्ये मरतो की काय असं वाटतं, पण त्याने माणूस मरत नाही. आणि त्या दिवशीची परिस्थिती पण बघा ना, रात्रीची झोप अर्धवट, सकाळपासून पोटात बहुतेक चहाशिवाय काही नाही, चुलीची धग, आणि भोवती सगळी भाऊबंदकी जेवायची वाट बघतेय, त्यात आधीपासून ताणलेलं शरीर. फक्त एक लक्षात ठेवा, ईसीजी नॉर्मल आला ते चांगलंच, पण छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, चालताना दम असं कधी वाटलं तर टेन्शनच असेल म्हणून घरी बसायचं नाही, डॉक्टरला दाखवायचंच.

आता आजार आहे का. नेटवर आणि रील्सवर हल्ली हाय फंक्शनिंग अँग्झायटी, म्हणजे वरून सगळं नीट चालू आणि आतून सतत चिंता, असा शब्द फिरतो, तुमच्यासारख्या माणसांना तो लगेच आपला वाटतो, पण डॉक्टरांच्या पुस्तकात त्या नावाचा आजार नाहीये. डॉक्टर बघतात ते वेगळं. सहा महिने किंवा जास्त काळ, बहुतेक दिवस, एका नाही तर बऱ्याच गोष्टींची आवरता न येणारी काळजी, आणि सोबत बेचैनी, लवकर थकणं, लक्ष न लागणं, चिडचिड, स्नायू आखडणं, झोप बिघडणं यातली निदान तीन लक्षणं, आणि या सगळ्याचा मनाला किंवा रोजच्या जगण्याला चांगलाच त्रास, असं असेल तर त्याला जनरलाइज्ड अँग्झायटी डिसऑर्डर म्हणतात. तुमच्या पत्रात झोप आणि स्नायू हे दोन स्पष्ट आहेत, बाकीचं तुम्हाला माहीत. डॉक्टर तुम्हाला जीएडी ७ नावाची सात प्रश्नांची छोटी प्रश्नावली देऊ शकतात, गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण ० ते २१, १० किंवा जास्त आले तर नीट तपासून घ्यायचं. त्याने निदान होत नाही पण डॉक्टरसमोर बोलायला सुरुवात कुठून करायची ते कळतं, आणि तुमच्यासारख्या बाईला, जिला तोंडाने मी बरी नाही म्हणणं जड जातं, तिला कागदावर खूण करणं सोपं पडतं.

दुसरा भाग थकव्याचा. बर्नआउट हा शब्द १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने वापरला, न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात काम करताना त्याने बघितलं की जी माणसं सगळ्यात जीव ओतून काम करतात तीच आधी जळून जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून नाही तर कामाशी जोडलेली अवस्था म्हणून केली, त्यात तीन गोष्टी येतात, ताकद संपल्यासारखं वाटणं, कामापासून मन तुटणं, आणि आपल्याकडून काही होत नाही असं वाटणं. त्यांनी तो शब्द नोकरीपुरता ठेवलाय. आपल्याकडच्या बाईचं काम शाळेच्या घंटेला संपत नाही हे कुठल्याच व्याख्येत बसत नाही, पण तुम्ही ते रोज जगताय.

आणि काहीही ठरवण्याआधी रक्त तपासा. हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, बी १२, शुगर, एवढं तरी. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की अ‍ॅनिमिया धरतात, आणि त्यात धडधड, दम, थकवा हेच सगळं होतं. थायरॉइड जास्त चालत असेल तर हात थरथरतात, घाम येतो, झोप उडते. तुमचं वय ३९, पाळीत जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना न लाजता सांगा. कितीतरी बायका वर्षानुवर्षं स्वतःला कमजोर मनाची समजत बसतात आणि रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन आठ निघतं.

मग डॉक्टर कोण? चाळीसगावहून जळगाव काय आणि धुळे काय, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे, नंदुरबारला पण आहे, तिथे मानसोपचाराची ओपीडी असते. खासगीत जायचं तरी जा. गावात कळेल याची भीती तुम्ही लिहिली नाही पण मला माहीत आहे ती असते, शिक्षिकेला तर जास्तच, तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने पेशंटची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टर आणि दवाखान्यावर बंधनकारक केलंय. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर १४४१६ हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, रात्री साडेतीनला पण लागतो आणि मराठीत बोलता येतं.

उपचारात बोलण्याची थेरपी असते, सीबीटी म्हणतात, साधारण १२ ते १५ भेटी, त्यात डोक्यातला विचार कागदावर काढून तो खरा किती आणि भीतीने फुगवलेला किती हे तपासायला शिकवतात. गरज वाटली तर गोळी देतात, या गोळ्यांचा गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, पहिल्या आठवड्यात काही फरक नाही म्हणून सोडायच्या नसतात आणि बरं वाटलं म्हणून स्वतःच्या मनाने बंदही करायच्या नसतात. गोळी घेतली म्हणजे वेडी ठरले असं काही नाही. शुगरची गोळी घेणाऱ्या सासऱ्यांना तुम्ही कधी कमी लेखलं का?

साडेतीनच्या जागेसाठी एक करून बघा. संध्याकाळी एक वेळ ठरवा, वीस मिनिटं, वही घ्या आणि सगळ्या काळज्या लिहा, ज्याला उद्या काही करता येतं त्यापुढे काय ते लिहा, ज्याला काहीच करता येत नाही तिथे तसं लिहा. रात्री जाग आली की मनाला सांगायचं याची वेळ संध्याकाळी आहे. पहिले काही दिवस मन ऐकणार नाही, तरी चालू ठेवा. पहाटेकडे कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन तसंही वाढायला लागतं, म्हणून त्या वेळी साधी गोष्ट पण डोंगराएवढी वाटते, सकाळी आठला तीच गोष्ट तेवढी वाटत नाही हे तुम्ही बघितलंच असेल. दुपारी तीननंतर चहा नको. धडधड सुरू झाली तर चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, बाहेर सोडायला जास्त वेळ द्यायचा, पाच मिनिटं. योगा ध्यान चांगलंच आहे, पण ते आणखी एक काम बनवून पहाटे पाचचा गजर लावणार असाल तर सध्या नको.

आता मुद्द्याचं, मी थांबले तर कोण करणार. ताई, बोअरचं पाणी खाली गेलं तरी मोटर चालूच राहते, वर उभं राहून आवाज ऐकणाऱ्याला काही कळत नाही, कळतं ते मोटर जळाल्यावरच. तुमच्या घरच्यांना आवाज ऐकू येतोय, म्हणून ते निवांत आहेत. ते वाईट नाहीत हो, त्यांना खरंच माहीत नाही, कारण सासूबाईंनी विचारलं तेव्हा पण तुम्ही धूर सांगितलात. त्या माउलीने बघितलं होतं, आणि मला वाटतं पहिलं त्यांनाच सांगा. त्यांनीही आयुष्यभर चुलीसमोर काढलंय, कदाचित त्यांच्याकडून असं काही ऐकायला मिळेल जे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नसेल. आणि त्या म्हणाल्याच की आमच्या वेळी आम्ही सगळं करायचो, तर वाद घालू नका, एवढंच म्हणा की आई माझे हात थरथरतात, मला दवाखान्यात जायचंय, तुम्ही सोबत या.

मिस्टरांना फोनवर थकले म्हणून सांगू नका, थकले हे सगळेच म्हणतात. नेमकं सांगा. मला महिन्याभरापासून साडेतीनला जाग येते, कानबाईला चुलीसमोर मला वाटलं मी मरते, मला शनिवारी डॉक्टरकडे जायचंय आणि तुम्ही पोरांना सांभाळायचंय. यात त्यांना काय करायचं ते कळतं.

मग एक काम द्यायचं, एकच, पण पूर्ण द्यायचं. लग्नाच्या याद्या देऊन टाका दिराकडे. दिलं म्हणजे दिलं, मग रात्री फोन करून हे लिहिलं का ते लिहिलं का असं विचारायचं नाही, एखादं नाव राहिलं तर राहू द्या, रुसलेल्या मामांची समजूत दीर काढतील. माझं ठाम मत आहे की तुमच्यासारख्या बायकांना काम सोडणं अवघड जात नाही, त्यावरची नजर काढणं अवघड जातं, आणि नजर काढली नाही तर काम दिलंच नाही असं समजा. पुढच्या अखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला जाऊबाईंना खापरासमोर बसवा, त्यांचे फाटतील, जाड होतील, तुम्ही उठू नका. फाटलेला मांडा पण दुधात कुस्करून खाता येतो.

शाळेचं म्हणाल तर रात्री साडेनऊनंतर ग्रुप म्यूट. सकाळी सातला ओके सर टाकलं तरी चालतं, पहिला आठवडा छाती धडधडेल, काही होत नाही हे मनाला बघू द्या. आणि नवीन काम आलं की लगेच हो म्हणायच्या जागी सर, माझ्याकडे आधीची दोन आहेत, यातलं कुठलं मागे ठेवू, एवढं एक वाक्य पाठ करून ठेवा.

प्रश्न : ताई, मी रावेर भागातला, वय ३४, कृषी सेवा केंद्र आहे आणि घरची केळी. दुकानावर दिवसभर शंभर माणसं, सगळ्यांशी हसून बोलावं लागतं, धंद्यात तोंड पाडून चालत नाही. गावात वाटतं भाऊचं जोरात चाललंय. खरं म्हणजे उधारी इतकी झाली की वही उघडायची हिंमत होत नाही, वरून कंपनीवाल्यांचं पेमेंट. मे महिन्याच्या वादळात बाग आडवी झाली, जी उरली तिला बऱ्हाणपूरच्या केळी बाजारातला पडता भाव मिळाला. मित्राच्या मेडिकलवरून झोपेची गोळी घेतो, आधी अर्धी घ्यायचो आता एक, कधी कधी सोबत दोन पेग. सकाळी परत ताजातवाना होऊन शटर उघडतो. बायकोला काही सांगितलं नाही, ती घाबरेल. कधी कधी वाटतं झोपलो की उठूच नये. हे तसं काही नाही, फक्त वाटतं. काही उपाय सांगा.

उत्तर : भाऊ, तुम्ही शेवटी जे लिहिलं आणि वर तसं काही नाही म्हटलं, तिथूनच सुरू करते. उठूच नये असं वाटणं ही तसंच सोडून देण्याची गोष्ट नाही. तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलं. आता हेच वाक्य आज, हे वाचून झालं की, एका माणसाला तोंडाने सांगा, भावाला, बायकोला, जवळच्या मित्राला. बायको घाबरेल, खरं आहे, पण तिला नंतर कळण्यापेक्षा आता घाबरलेली परवडली. १४४१६ ला फोन लावा, रात्र असो की दिवस. आणि विचार कधी जोर धरायला लागला तर एकटं राहायचं नाही, सोबत कुणाला घेऊन जवळच्या सरकारी दवाखान्यात नाहीतर जळगावच्या सिव्हिलला कॅज्युअल्टीत जायचं, ते चोवीस तास उघडं असतं.

आणखी एक, तुमचं दुकान औषधांचं आहे, फवारणीच्या. हे दिवस सरेपर्यंत संध्याकाळी शटर लावायच्या वेळी भाऊ किंवा कामावरचा पोरगा सोबत असू द्या, चावी भावाकडे राहू द्या, आणि दुकान बंद झाल्यावर आत एकटं हिशोब करत बसणं बंद, घरातही कुठला डबा-बाटली ठेवू नका. असा विचार लाटेसारखा येतो आणि ओसरतो, त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो, हे मी मनापासून सांगतेय, यात कमीपणा काही नाही.

गोळीचं. झोपेसाठी म्हणून ज्या गोळ्या अशा हातोहात मिळतात त्यात अल्प्राझोलाम सारख्या गोळ्या बऱ्याचदा असतात. त्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, दुकानदाराला त्यांची वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंद ठेवावी लागते, ते उगाच नाही. अर्धीची एक झाली हेच सवय लागत असल्याचं लक्षण. दारूसोबत तर ती बिलकुल नको, दोन्ही मिळून झोपेत श्वास मंदावतो आणि धोका होतो. पण रोज घेत असाल तर उद्यापासून एकदम बंद पण करू नका, त्याने बेचैनी, थरथर, क्वचित झटके येऊ शकतात, डॉक्टर हळूहळू उतरवून देतात. दारू रोजची असेल तर ती पण डॉक्टरांना खरी सांगा, तिच्यासाठीही हाच नियम. झोपेचं म्हणाल तर दारूने डोळा लवकर लागतो पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते, म्हणून सकाळी थकवा तसाच राहतो आणि तो तुम्ही चहा आणि हसण्याने झाकता.

बाकी तुमची सगळी काळजी मनाची नाही हेही मला दिसतंय. बाग खरंच पडली, पैसे खरंच अडकलेत. त्यावर गोळी नाही. पण उधारीची वही न उघडल्याने आकडा डोक्यात रोज वाढतो, म्हणून भावाला किंवा हिशोब कळणाऱ्या कुणाला शेजारी बसवून एकदा सगळं कागदावर काढा, कुणाकडे किती, कोण देऊ शकतो, कोण या हंगामात देऊच शकत नाही. कंपनीवाल्याला स्वतः फोन करून हप्ते मागा, त्याच्या फोनची वाट बघत बसू नका. पीक विमा भरलेला असेल तर त्याचे कागद बघा. नवीन उधारी थोडे दिवस बंद, गिऱ्हाईक तुटेल ही भीती खरी आहे, काही तुटेलही, पण तुम्ही राहिलात तर गिऱ्हाईक परत जोडता येतं. दुकानावर येणारे कितीतरी शेतकरी याच ताणात आहेत भाऊ, तेही तुमच्यासारखंच हसून उधार मागतात, त्यातला एखादा जुना माणूस बाजूला घेऊन तुम्ही खरं बोललात तर तो पण बोलेल.

उपाय विचारलात, तर आज माणूस, उद्या डॉक्टर, वही त्यानंतर. हा क्रम बदलू नका.

प्रश्न : मी शिरपूरचा. बायको घरीच शिवणकाम करते, ब्लाउजच्या ऑर्डरी भरपूर, घर, दोन पोरं, माझे आईवडील, सगळं बघते. हल्ली रात्री मशीनवर बसलेलीच असते, जेवत नाही नीट, बारीक बारीक गोष्टींवर पोरांवर ओरडते आणि मग एकटीच रडते. मी विचारतो काय झालं, म्हणते काही नाही. कसं विचारू?

उत्तर : तुमच्या लक्षात आलं यातच अर्धं काम झालंय, आणि तुम्ही तिच्यावर चिडून नाही तर काळजीने लिहिताय हे पत्रात दिसतं. काय झालं या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे काही नाही हेच असतं, कारण जे झालंय ते एक काही नसतंच, रोजचं थोडं थोडं असतं. त्यामुळे प्रश्न विचारण्याआधी जे दिसलं ते सांगा, की काल रात्री एकपर्यंत तू मशीनवर होतीस, परवा ताटातलं तसंच ठेवलंस, मला काळजी वाटतेय. आईवडिलांसमोर नको, पोरांसमोर नको, दोघं गाडीवर बाजारात जाताना किंवा रात्री गच्चीवर, समोरासमोर डोळ्यात बघून बोलावं लागत नाही अशा ठिकाणी लोक लवकर मोकळे होतात. ती बोलायला लागली की मध्ये उपाय सांगू नका, ऑर्डरी कमी घे हे तर पहिल्या दिवशी बिलकुल म्हणू नका, कदाचित त्या पैशावर आणि त्या कौतुकावरच ती उभी असेल. तोपर्यंत पोरांचा अभ्यास आणि रात्रीची भांडी, एवढं न सांगता स्वतःकडे घ्या, मदत करतो म्हणून नाही तर तुमचं काम म्हणून, आणि रोज.

दोन आठवड्यांत फरक दिसला नाही, किंवा जगण्यावरून मन उडाल्यासारखं काही बोलली तर थांबायचं नाही, डॉक्टरकडे न्या, धुळ्याला सरकारी मेडिकल कॉलेज आहेच. तुला दाखवायला जाऊ असं न म्हणता आपण दोघं जाऊन येऊ म्हणा, तुमचंही बीपी तपासून घ्या त्या निमित्ताने. केसपेपरच्या रांगेत तुम्ही उभे राहा. आत सोबत बसा, तिला चालत असेल तर, पण डॉक्टरांनी तिला विचारलं की उत्तर तिलाच देऊ द्या, वेळ लागला तरी.